पत्र्यामागची फट

घरी बांधलेल्या विमानात मला इंजिनापेक्षा इंजिनावरच्या आवरणाची काळजी जास्त वाटते. इंजिन कारखान्यातून येतं. त्याच्यासोबत जाड पुस्तकं येतात आणि कुठला नट किती आवळायचा ते त्यांत आकड्यांनिशी लिहिलेलं असतं. हे आवरण, म्हणजे काउलिंग, मात्र वरचं आणि खालचं अशा दोन सुट्या कवचांत येतं. ते घासायचं, कापायचं, इंजिनाभोवती बसवायचं आणि आतून उष्णतेपासून जपायचं, हे सगळं बांधणाऱ्याच्या हातांवर सोडलेलं असतं. माझं विमान आरव्ही-७, दोन आसनी. आत लायकमिंगचं चार सिलिंडरांचं, १८० अश्वशक्तीचं ओ-३६०. काउलिंग एपॉक्सी रेझिन आणि काचतंतूंचं. सिलिंडरांतून निघालेल्या एक्झॉस्टच्या नळ्या खालच्या कवचातून मागे जातात, आणि काही ठिकाणी नळी आणि काउलिंग यांच्यात जेमतेम इंच-सव्वा इंच जागा उरते.

नळीतला वायू ७०० ते ८०० अंश सेल्सिअसचा. नळीचं अंग त्याहून थंड, तरी इंजिनाजवळ ते ६०० च्या घरात धरून चालावं. समोर एपॉक्सी. कारखान्याच्या भट्टीत पक्कं केलेलं रेझिन १०० अंशांपर्यंत तग धरतं, पण गॅरेजच्या हवेत वाळवलेलं ६०-७० अंशांवरच मऊ पडू लागतं. म्हणजे काउलिंग नीट बसावं म्हणून आपण जिथे हाताने भर घालतो, कड वाढवतो, तीच जागा उष्णतेपुढे सगळ्यांत आधी नमते. इथे विस्कॉन्सिनमध्ये हिवाळ्यात गॅरेज तापवल्याशिवाय रेझिन धरतच नाही. धरल्यावरही मी ते तसंच सोडत नाही. दिव्यांच्या उबेत सावकाश, पायरीपायरीने तापवत नेते. असं तापवलेलं रेझिन पुढे जास्त उष्णता सोसतं. या कामात घाई केली तर तिचा जाब पुढच्या उन्हाळ्यात द्यावा लागतो.

उष्णतेचा बंदोबस्त म्हटलं की बहुतेकांना जाड काहीतरी आठवतं. गादी, गोधडी, दोन बोटं जाडीचा सिरॅमिक लोकरीचा थर. इंजिनाच्या कोठडीत मात्र खरा प्रश्न प्रारणाचा असतो. तापलेला पदार्थ किती उष्णता बाहेर फेकतो ते त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातावर ठरतं, हे योझेफ स्टेफान यांनी १८७९ मध्ये मांडलं आणि पाच वर्षांनी त्यांचेच विद्यार्थी लुडविग बोल्ट्झमान यांनी सिद्धांतातून सिद्ध केलं. कॉलेजात हे सूत्र परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्याचा अर्थ कळला तो काउलिंगखाली डोकं घालून बसल्यावर. ३०० अंशांची नळी ६०० अंशांवर गेली की तिचं प्रारण पाचपटीहून जास्त होतं. काळवंडलेल्या नळीच्या अंगालगत दर चौरस मीटरला पंचवीस किलोवॉटच्या आसपास उष्णता बाहेर पडते. वैशाखातल्या भर दुपारचं ऊन एक किलोवॉटच्या आसपास असतं, हे लक्षात घेतलं की त्या इंचभर जागेत काय चाललंय ते समजतं.

या ऊर्जेसमोर चकचकीत धातू धरला की तो तिचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग परत पाठवतो. म्हणून काउलिंगच्या आतल्या अंगाला अ‍ॅल्युमिनियमचं फॉइल चिकटवतात. फॉइल कागदासारखं पातळ असलं तरी चालतं, कारण काम त्याच्या जाडीचं नसून चकाकीचं असतं. त्या चकाकीवर तेलाचा पातळ थर बसला, त्यावर काजळी धरली, की तेच फॉइल उष्णता पिऊ लागतं आणि मागच्या रेझिनच्या हवाली करतं. म्हणून दर वेळी काउलिंग उतरवलं की मी आधी फॉइल पुसते आणि मग बाकीचं बघते. फॉइलखालच्या पृष्ठभागाला आधी पातळ रेझिनचा हात द्यावा, बारीक छिद्रं बुजवावीत. नाहीतर तेल काचतंतूंत झिरपतं आणि मग तिथे काहीच चिकटत नाही. नळीपासून दूरचा उरलेला भाग मी पांढऱ्या रंगाने रंगवला आहे. पांढऱ्यावर तेलाचा थेंब दिसतो, करपण्याची पहिली पिवळट छटाही दिसते.

पांढऱ्या रंगावरून एक गोष्ट. बर्ट रुटन यांचं व्हॅरिईझ १९७५ मध्ये उडालं आणि घरी विमान बांधणाऱ्यांना फोम आणि काचतंतूंचा रस्ता खुला झाला. तशी विमानं बहुतेक पांढरीच दिसतात, ती आवडीमुळे नव्हे. गडद रंगाने उन्हात रेझिन तापतं. काउलिंगला हे ऊन वरून आणि इंजिन आतून, असं दोन्हीकडून सोसावं लागतं.

जिथे नळी फार जवळ येते तिथे नुसतं फॉइल पुरत नाही. तिथे स्टेनलेस स्टीलचा पातळ पत्रा लावावा लागतो, आणि तो काउलिंगला चिकटवून लावायचा नाही. पत्रा आणि काउलिंग यांच्यात सात-आठ मिलिमीटरची फट ठेवायची, तीही पुढून-मागून उघडी. पत्रा तापतो, तापणारच. पण फटीतून वाहणारी हवा त्याची उष्णता उचलून मागच्या तोंडातून बाहेर नेते. सिलिंडरांवरून उतरलेली ही हवा स्वतः गरम असते, तरी नळीच्या मानाने गारच म्हणायची. पत्रा टेकवायला मी स्टीलच्या छोट्या नळकांड्या वापरते. अ‍ॅल्युमिनियमच्या हलक्या पडल्या असत्या, पण अ‍ॅल्युमिनियम उष्णता स्टेनलेसच्या दहापटीहून जास्त वेगाने वाहून नेतं. प्रत्येक टेकू म्हणजे उष्णतेला दिलेला पूल, म्हणून टेकूही कमीत कमी.

पत्र्याचं काम मी बाबांकडून शिकले. ते ओझरला एचएएलमध्ये शीट मेटलच्या शॉपमध्ये होते, मिग विमानांच्या काळात. घरी जुन्या डब्याचा पत्रा कापायला घेतला तरी त्यांचं पहिलं सांगणं एकच असे, "कड उघडी ठेवू नकोस, बाळ. दुमड." तेव्हा मला वाटायचं, हात कापू नये म्हणून सांगतात. आता कळतं की उघडी कड थरथरते, थरथरणाऱ्या कडेला बारीक चीर पडते आणि ती चीर टेकूच्या भोकापर्यंत पोचते. विमानाचं इंजिन रबरी आधारांवर बसलेलं असतं. सुरू होताना आणि बंद होताना ते चांगलंच हलतं, आणि त्याच्यासोबत नळ्याही. त्यामुळे पत्रा बसवल्यावर नळीपर्यंत किती जागा उरली ते इंजिन हाताने हलवूनच तपासावं लागतं. माझ्या पत्र्याच्या चारही कडा दुमडलेल्या आहेत. भोकांच्या कडाही कानसून गुळगुळीत केल्या आहेत.

काही जण एक्झॉस्टच्या नळीलाच उष्णतारोधक पट्टी गुंडाळतात. मोटारसायकलवर दिसते तशी. विमानात मला ती अजिबात मान्य नाही. पट्टीने काउलिंग वाचतं हे खरं, पण आत कोंडलेली उष्णता नळीच्या धातूत राहते. धातू जास्त तापतो, लवकर थकतो, आणि त्याला तडा गेला तर तो पट्टीखाली दिसतच नाही. तडकलेल्या नळीतून निघालेला तप्त झोत काउलिंगला भोक पाडू शकतो, आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड हीटरच्या वाटेने केबिनमध्ये येऊ शकतो. जाड लोकरीच्या गादीबद्दलही माझं असंच मत आहे. ती धातूच्या फॉइलमध्ये चारही बाजूंनी बंद केलेली नसेल तर तेल आणि पेट्रोल शोषून घेते, आणि इंजिनाच्या कोठडीत इंधन मुरलेली गादी ठेवण्यासारखा धोका नाही. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या स्टीलच्या पत्र्याच्या, केबिनकडच्या अंगाला फोम चिकटवणाऱ्यांना मी भेटले की वाद घालते. पायांना ऊब लागू नये एवढ्यासाठी ते करतात. पण पुढे आग लागली तर तो पत्रा लाल होईल, आणि त्याच्या मागचा गोंद पायाशीच धूर सोडेल. रोधक लावायचाच तर तो इंजिनाच्या बाजूला हवा.

उपाय चालला की नाही ते अंदाजाने ठरवू नये. ठरावीक तापमान ओलांडलं की कायमच्या काळ्या पडणाऱ्या छोट्या चिकटपट्ट्या मिळतात. त्या मी पत्र्यामागे, काउलिंगच्या आतल्या कडांना आणि वरच्या कवचाच्या छताला लावल्या. खालच्या पट्ट्यांनी फटीची बाजू घेतली. पत्र्यामागचं काउलिंग सुरक्षित राहिलं होतं. जास्त चढलेला आकडा होता वरच्या छताचा, आणि तो हवेत असताना चढलेला नव्हता. विमान उतरतं, इंजिन बंद होतं, हवेचा झोत थांबतो, आणि २०० अंशांच्या आसपास तापलेली सिलिंडरांची डोकी सगळी उष्णता वर सोडत बसतात. तेव्हापासून विमान उभं केलं की तेल तपासायचं झाकण मी लगेच उघडते. साठलेली गरम हवा तिथून वर निघून जाते, आणि पुढच्या वेळी इंधनाची वाफ होऊन इंजिन सुरू व्हायला कुरकुरत नाही.

अमेरिकेत नियम असा की विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलेलं असावं. तसं केलं की वार्षिक तपासणी स्वतः करण्याचं प्रमाणपत्रही मिळतं. ही मोकळीक किती मोठी आहे ते कॅप्टन अमोल यादव यांची हकीकत वाचताना जाणवलं. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं आणि त्याच्या नोंदणीसाठी वर्षानुवर्षं वाट पाहिली. मला ही मुभा सहज मिळाली, म्हणून तपासणीत मी हात आखडता घेत नाही. माझे सगळे पत्रे स्क्रूवर आहेत, रिव्हेटवर एकही नाही. दर वर्षी ते उतरवते, मागचं रेझिन नखाने टोकरून बघते, नळीच्या प्रत्येक जोडावर आरसा आणि विजेरी फिरवते.

यंदा मागच्या तोंडाजवळचं फॉइल निस्तेज झालेलं आढळलं, आणि त्याची कड वाऱ्याच्या झोताने उचकटू लागली आहे. ते पूर्ण काढून पृष्ठभाग पुन्हा रेझिनने बंद करायचा आहे. नवं फॉइल तोंडाच्या कडेपासून बोटभर आत थांबवेन, आणि तिथला शेवटचा पट्टा स्टीलचा देईन, कड दुमडलेला.