वाशिष्ठीच्या अलीकडे, भर पावसात

कोकणचा सागरी रस्ता सलग नाही. मुरुड-जंजिऱ्याहून दक्षिणेला निघाले की राजपुरीची खाडी, सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री अशा चार ठिकाणी तो पाण्यापाशी संपतो आणि पलीकडच्या काठावर पुन्हा सुरू होतो. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या फेरीबोटी हे तुकडे जोडतात. प्रत्येक खाडीसाठी सड्यावरून खाली जेटीपर्यंत उतरायचे आणि पलीकडे तेवढेच चढायचे. साध्या सायकलवर हे चढ छातीवर येतात, मोटारसायकलवर गावे नुसती मागे पळतात. म्हणून मी आणि माझ्या मित्राने इलेक्ट्रिक सायकली घेतल्या. पायडल मारायचेच असते, मोटर फक्त हातभार लावते. २५० वॅटपेक्षा कमी क्षमतेची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग असेल तर आपल्याकडे परवाना व नोंदणी लागत नाही. आमची एकेक बॅटरी पूर्ण भरायला साधारण अर्धा युनिट वीज लागे.

जुलै महिना होता. सावित्री ओलांडून रायगड जिल्ह्यातून रत्नागिरीत आलो आणि केळशीला मुक्काम केला. शिवाजी महाराजांनी ज्यांचा मान राखला, त्या याकूब बाबांचा दर्गा याच गावच्या टेकडीवर आहे. रात्री वाऱ्याने लाईट गेली ती सकाळपर्यंत आली नाही. बॅटऱ्या निम्म्याच भरल्या होत्या. तरी निघालो.

आंजर्ले मागे पडले आणि पावसाने जोर धरला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्यामुळे हर्णैच्या किनाऱ्यावर होड्या ताडपत्र्या पांघरून बसल्या होत्या, आणि एरवी लिलावाने गजबजणारी पुळण सुनी होती. सुवर्णदुर्ग पावसाआड गेला होता. खाचरांत लावणी चालू होती. डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी घेतलेल्या बाया वाकल्या वाकल्या आमच्याकडे पाहून हसत होत्या. सड्यावर मात्र हसू येईना. समोरचा वारा इतका की उतारावरही पायडल मारावे लागे. असा वारा आणि चढ एकत्र आले की बॅटरी पाहता पाहता उतरते. दाभोळ अजून लांब होते आणि काट्यावर शेवटची एक रेघ उरली होती. मोटरशिवाय ही सायकल म्हणजे पंचवीसेक किलोचे ओझे!

रस्त्याकडेच्या एका कौलारू घराच्या पडवीत आम्ही आडोशाला उभे राहिलो. सलाम करताच आतून एक वृद्ध चाचा आले. बॅटरीची अडचण ऐकून म्हणाले, “लाईट नाही, पण इन्व्हर्टर आहे. त्यावर लावा.”

मित्र वायरमनचे काम करतो. त्याने इन्व्हर्टर पाहिला, घरात एक नजर टाकली आणि विचारले, “यावर आणखी काय चालतं, चाचा?” कळले की दादींना दमा आहे आणि रात्री त्यांना वाफेचे यंत्र लागते. मित्राने मनातल्या मनात हिशेब केला. आमच्या दोन बॅटऱ्यांनी त्या इन्व्हर्टरची अर्ध्याहून अधिक वीज ओढली असती. रात्रीही लाईट आली नसती तर? त्याने चार्जर परत पिशवीत ठेवला. “राहू द्या चाचा, लाईट येईपर्यंत थांबतो. नाही आली तर सायकली ढकलत जाऊ.”

चाचा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “बरं. आधी भाकरी खा.”

तांदळाची भाकरी, सुका जवळा आणि कोरा चहा. पावसामुळे त्या दिवशी दूधवाला आलाच नव्हता. जोहरची नमाज पडवीतच झाली. चाचांनी तीस वर्षे जहाजावर नोकरी केलेली. म्हणाले, “हवामान बिघडलं की मोठी जहाजंसुद्धा नांगर टाकून बसतात. थांबला म्हणून कोणी लहान होत नाही.”

तीनच्या सुमारास लाईट आली. बॅटऱ्या सायकलीवरून काढल्या, टोके कोरड्या फडक्याने पुसली आणि भिंतीच्या प्लगला लावल्या. दीड तासात जेमतेम चौथा हिस्सा भरला. मित्राने खिशात हात घातला तशी चाचांची भुवई वर गेली. “दोन रुपयांची वीज विकायला मी दारावर बोर्ड लावलाय का?”

दाभोळच्या उतारावर पाऊस ओसरला. जेटीजवळ माडांच्या मागे काळ्या दगडाची शाही मशीद उभी आहे. चार कोपऱ्यांना मिनार आणि मध्ये मोठा घुमट. विजापूरच्या आदिलशाहीत दाभोळ मोठे बंदर होते आणि येथून हाजींची गलबते सुटत. सतराव्या शतकाच्या मध्यावर विजापूरची शाहजादी आयेशाबीबी हजला जाण्यासाठी येथवर आली, पण समुद्रातल्या चाच्यांच्या भीतीने तिचे गलबत सुटू शकले नाही. प्रवासासाठी आणलेल्या पैशांतून तिने ही मशीद बांधली, असे परंपरा सांगते. अडलेल्या प्रवासातून उभी राहिलेली ही इमारत समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात साडेतीनशेहून अधिक वर्षे टिकून आहे.

पेट्रोल पंपावर आपण पैसे देतो आणि निघतो. विजेसाठी मात्र कुणाचे तरी दार वाजवावे लागते, दोन तास बसावे लागते, घरात कोण आजारी आहे ते कळते. अशा सफरीला जाणाऱ्यांनी चार्जर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावा, बॅटरी ओली असताना प्लगला लावू नये. आणि कोणी आपल्या इन्व्हर्टरची वीज देऊ केली, तर त्या इन्व्हर्टरवर त्या घरात आणखी काय चालते, ते आधी विचारावे.

फेरीबोट आली. वाशिष्ठीचे पाणी गढूळ होऊन फुगले होते. धोपाव्याचा चढ समोर दिसत होता, आणि बॅटरीत तेवढ्यापुरती वीज होती.