तरवडाच्या मुलखात

बंगल्याभोवती बाग करणाऱ्यांना उंच झाडे सुचतात, कुंड्याही सुचतात. अडते ते मधल्या, माणसाएवढ्या उंचीपाशी. तिथे मग एखादे दिखाऊ विलायती झुडूप येते आणि उन्हाळाभर घरचे पाणी पीत बसते. धाराशिव जिल्ह्यात, जिथे अवर्षणाच्या साली टँकरची वाट पाहावी लागते, असला पाहुणा परवडत नाही.

अशा मंडळींनी एकदा येडशीला उतरावे. तिथल्या रामलिंगच्या डोंगरात १९९७ पासून अभयारण्य आहे. दसऱ्याच्या सुमारास मी तिकडे हिंडलो, तेव्हा बालाघाटाने आपली बाग कशी मांडली आहे ते उमगले. ओढ्याकाठी जांभळट तुऱ्यांची निर्गुडी, उतारावर पीळदार शेंगांची मुरडशेंग आणि उघड्या माळावर सोन्यासारखा पिवळा तरवड! रंगीबेरंगी घाणेरीला मात्र भुलू नका. ती मूळची अमेरिकेतली, शेजाऱ्याला जगू न देणारी.

अभयारण्यातले रोप उपटायचे नाही, हे सांगायला नकोच. तरवडाच्या शेंगा गावच्या माळावरही मिळतात. बी रात्रभर गरम पाण्यात भिजवून पावसाच्या तोंडी जागेवरच पेरावे. निर्गुडीची तर फांदी खोचली तरी रुजते. मुरडशेंग उन्हाळ्यात पाने गाळते, तेवढे सोसावे. पहिले दोन उन्हाळे जपले, की पुढे पाण्याची फारशी तक्रार नाही.

इकडे नवरात्रात घटावर तरवडाच्या फुलांची माळ चढते. ज्याला देवघरात मान, त्याला अंगणात जागा का नसावी?