बंद पेडलची किंमत

गिटारवादकाच्या आयुष्यात पेडल्स एकेक करून येतात. आधी ओव्हरड्राइव्ह, मग डिले, कोरस, वाह; काही वर्षांत पायाशी अख्खा बोर्ड मांडला जातो. याच वाटेवर कधीतरी टोनची धार बोथट होते आणि दोष जातो पिकअपकडे, तारांकडे किंवा ॲम्पकडे. टोन मात्र बहुतेकदा हरवतो तो ज्यांच्याकडे कुणी पाहत नाही अशा केबल्समध्ये आणि बंद ठेवलेल्या पेडल्समध्ये. म्हणून बोर्डची काळजी घ्यायची तर सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

याचं मूळ पिकअपच्या घडणीत आहे. चुंबकाभोवती बारीक तारेचे हजारो वेढे असल्याने त्याचा इंडक्टन्स मोठा असतो, आणि साध्या गिटार केबलमध्ये दर मीटरला साधारण 100 पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो. दोघांच्या मेळातून एका फ्रीक्वेन्सीला उठाव मिळतो आणि तिच्या वरचं सगळं झपाट्याने उतरतं. पिकअप 2.5 हेन्रीचा आणि केबल 6 मीटरची असेल, तर हा उठाव 3,800 हर्ट्झच्या आसपास येतो. केबल 12 मीटर झाली की तो 2,800च्या घरात घसरतो. ट्रू बायपास पेडल बंद असताना सिग्नल जसाच्या तसा पुढे सोडतं, हे खरं. पण सगळीच पेडल्स तशी असली, तर गिटारपासून ॲम्पपर्यंतच्या सगळ्या केबलचा भार एकट्या पिकअपवर पडतो. यावर उपाय बफरचा, म्हणजे पिकअप आणि पुढची केबल यांना वेगळं ठेवणाऱ्या छोट्या सर्किटचा. त्याचा इनपुट इम्पीडन्स 1 मेगाओहमच्या आसपास असल्याने पिकअपवर ताण येत नाही, आणि आउटपुट इम्पीडन्स अगदी कमी असल्याने पुढची केबल कितीही लांबली तरी फारसं बिघडत नाही.

ॲम्पचा ट्रेबल वाढवला की झालं, असं कुणी म्हणेल. पण उठावाची जागाच सरकलेली असते. नॉब फिरवून ती परत येत नाही, वर सुरसुर वाढते. बफरनेच टोन बिघडतो, ही तक्रार मात्र अगदी खोटी नाही. वाईट बफर खरोखर टोन बिघडवतो, आणि डझनभर बफर ओळीने लावले तर त्यांची सुरसुर साचत जाते. म्हणून चांगल्या प्रतीचे एक-दोनच पुरेत. फझ पेडलची गोष्ट निराळी. 1966 साली आलेल्या फझ फेस या पेडलचा इनपुट इम्पीडन्स इतका कमी आहे की पिकअप जणू त्याच्या सर्किटचाच भाग होतो. मध्ये बफर आला की आवाज कर्कश होतो आणि गिटारचा व्हॉल्यूम उतरवून तो मऊ करण्याची सोय जाते. तेव्हा आधी फझ, मग बफर.

सर्वांत वजनदार आक्षेप जिमी हेंड्रिक्सच्या नावाने येतो. त्यांची लांब गुंडाळीदार केबल वरच्या फ्रीक्वेन्सी गिळायची आणि तो मऊपणा त्यांच्या टोनचा भाग होता. हे मान्यच आहे. पण हवा असेल तेव्हा तो मऊपणा बफरच्या इनपुटपाशी एक छोटा कपॅसिटर जोडूनही मिळतो, आणि नको असेल तेव्हा काढता येतो. म्हणजे प्रश्न चमक किती असावी हा नाही. ती कुणी ठरवावी हा आहे. छोट्या केबलने गिटार थेट ॲम्पला जोडून एक कॉर्ड वाजवावी, मग सगळी पेडल्स बंद ठेवून तीच कॉर्ड बोर्डमधून ऐकावी. त्या दोहोंत फरक ऐकू आला, तर नवं पेडल घेण्याआधी तो मिटवावा, कारण टोनचा निर्णय वादकाच्या कानाने घ्यायचा असतो, केबलच्या लांबीने नव्हे.