चित्रकार कुठे उभा आहे

ठाण्याचं कुणी चित्र काढेल, असं आम्हाला लहानपणी कधी वाटलंच नव्हतं. चित्रं असायची ती कॅलेंडरवर. त्यात बर्फाचे डोंगर असायचे, फार तर कोकणातला एखादा किनारा. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांची गेटं, पाळी सुटल्यावर रिकामे डबे घेऊन निघालेली माणसं, स्टेशनच्या पुलावरची ढकलाढकली हे सगळं रोजचं होतं आणि रोजच्याचं चित्र होत नाही अशी आमची समजूत होती. त्यामुळे कॉलेजात असताना एका मासिकात सुधीर पटवर्धनांचं चित्र पाहिलं, तेव्हा मी रंगरेषा वगैरे काही पाहिलं नाही. छपाई काळीपांढरी होती, रंग कळायचा प्रश्नच नव्हता. त्यात आपल्या ओळखीचं कोण आहे का, एवढंच मी शोधत बसले.

ते मासिक मी घरी आणून बाबांना दाखवलं. बाबा टर्नर होते, आयुष्यभर लेथवर उभे राहिलेले. चित्रांशी त्यांचा संबंध नव्हता, आणि चित्रातल्या माणसाचे हातपाय अंगाच्या मानाने भलतेच मोठे आणि जड होते. बाबा नाक मुरडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हा उभ्याने काम करणारा माणूस आहे. पाय बघ त्याचे." एवढंच बोलून त्यांनी मासिक परत दिलं.

हे चित्रकार आपल्याच ठाण्यात राहतात आणि पेशाने डॉक्टर आहेत, एक्स-रे बघतात, हे मला नंतर कळलं. पटवर्धनांचा जन्म १९४९चा, पुण्याचा. पुण्याच्याच आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजातून १९७२मध्ये ते डॉक्टर झाले, पुढच्या वर्षी मुंबईला आले आणि १९७५पासून २००५पर्यंत ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत राहिले. चित्रकलेच्या शाळेत ते गेले नाहीत. जे शिकले ते पुस्तकांतून आणि काम करता करता. सेझानचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. डाव्या विचारांची ओढ विद्यार्थी असल्यापासूनची. तीस वर्षं दिवसा दवाखाना आणि उरलेल्या वेळात कॅनव्हास असं चाललं. हे वाचायला सोपं वाटतं. मी स्वतः नोकरी करून घर सांभाळलं आहे, त्यामुळे उरलेला वेळ म्हणजे किती आणि कसला, हे मला ठाऊक आहे. त्या वेळात कुणी एवढी चित्रं उभी करतो, याबद्दल मला पहिल्यापासून आदर वाटत आला.

'रनिंग वुमन', १९७७चं 'इराणी रेस्टॉरंट', १९८०चं 'ट्रेन' ही त्यांची सुरुवातीची गाजलेली चित्रं. या काळातल्या चित्रांत माणूस बहुधा सगळी जागा व्यापून असतो. आपण त्याच्या अगदी पुढ्यात उभे असतो, लोकलच्या डब्यात समोरासमोर यावं तसे. शरीर बेढब केलेलं असतं, पण ती चेष्टा नसते. श्रमाने शरीराला जो आकार येतो तो त्यात पकडलेला असतो. त्या काळात कामगाराची चित्रं म्हटली की दोनच तऱ्हा दिसायच्या. एक, मूठ उगारलेला पोस्टरवरचा वीर, आणि दुसरी, खपाटीला गेलेल्या पोटाचा दयनीय गरीब. पटवर्धनांनी दोन्ही टाळलं. ज्याचं चित्र काढलं त्याला त्यात स्वतःची ओळख पटली पाहिजे, हा आग्रह त्यांनी वेळोवेळी बोलून दाखवला आहे. एका मध्यमवर्गीय डॉक्टरने असा आग्रह धरणं म्हणजे स्वतःला रोज अडचणीत टाकणं. तू कोण, तू कुठून पाहतोस, हा प्रश्न त्यांच्या चित्रांत तेव्हापासून आहे आणि मला तो त्यांच्या सगळ्या कामाचा कणा वाटतो. त्यांची शैली बदलत गेली असं समीक्षक लिहितात ते खरंच आहे. पण ती बदलली ती मुख्यतः एका गोष्टीपायी: माणसांपासून किती अंतरावर उभं राहायचं, हे ते दर काही वर्षांनी नव्याने ठरवत गेले.

१९८१मध्ये 'प्लेस फॉर पीपल' हे प्रदर्शन झालं. भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधरी आणि पटवर्धन असे सहा जण त्यात होते, आणि गीता कपूर यांनी त्यासाठी निबंध लिहिला होता. अमूर्त चित्रकलेचा दबदबा असताना माणसाला आणि त्याच्या गोष्टीला चित्रात पुन्हा जागा द्यावी, हा त्यामागचा विचार होता. भारतीय चित्रकलेच्या इतिहासात आता त्याचा उल्लेख आवर्जून होतो. पुढच्याच जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. आमच्या घरी त्या प्रदर्शनाची वार्ता आली नाही, संपाची मात्र रोज यायची. परळचे काका गावाला गेले ते परत आलेच नाहीत.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर पटवर्धन मागे सरकले आणि उंचावर गेले. १९८४चं 'टाउन', १९८५चं 'नाला', आणि दशक संपतानाचं 'पोखरण'. पोखरण म्हणजे आमचा पोखरण रोड, राजस्थानातलं नव्हे. येऊरच्या डोंगराखालचा हा पट्टा माझ्या शाळकरी वयात निम्मा रान आणि निम्मा कारखाने होता. रविवारी आम्ही त्या बाजूला चढून जायचो. वरून पाहिलं की घरं, नाले, शेडची पत्र्याची छपरं आणि मधूनच नव्या इमारतींचे बांबूंचे परांचे दिसायचे, आणि बाबा बोट दाखवून आपला कारखाना ओळखायचे. पटवर्धनांच्या त्या मोठ्या निसर्गचित्रांसमोर मी उभी राहिले, तेव्हा मला तशीच जागा शोधावीशी वाटली. निसर्गचित्र हा शब्द इथे जरा ओढूनताणून वापरते आहे. खणलेला डोंगर आणि त्याला चिकटलेली वस्ती यांना निसर्ग म्हणायचं की शहर, हे त्या चित्रात ठरत नाही, आणि तेव्हाच्या ठाण्यातही ठरत नव्हतं.

ही चित्रं जरा वेळ पाहिली की लक्षात येतं, ती एका जागेवरून पाहिलेली नाहीत. एक गल्ली वरून दिसते, तिच्याच शेजारचा माणूस डोळ्यांच्या रेषेत येतो, लांबची चाळ जवळ सरकलेली असते. ते जागेवर बसून रेखाटनं करायचे, फोटो काढायचे, आणि नंतर स्टुडिओत हे सगळे तुकडे जुळवायचे. माझा एक तर्क आहे. छातीच्या एक्स-रेत पुढची बरगडी आणि मागची बरगडी एकाच फिल्मवर एकमेकींवर येतात. पुढचं कुठलं, मागचं कुठलं, हे डॉक्टरला वाचावं लागतं. बाबांच्या छातीच्या फिल्म उजेडाच्या पेटीवर लावून दुसऱ्या एका डॉक्टरांनी मला हे समजावलं होतं. ज्या माणसाची तीस वर्षं अशा फिल्म वाचण्यात गेली, त्याच्या चित्रात जवळचं आणि लांबचं एकाच पातळीवर येऊन बसलं, तर त्यात मला नवल वाटत नाही.

या टप्प्यावर पटवर्धनांच्या चित्रांतला माणूस लहान झाला, अशी तक्रार मी ऐकलेली आहे. आकाराने झाला. पण बाबांचा कारखाना बंद पडला त्या सुमाराला मला कळलं की एका माणसाकडे कितीही जवळून पाहिलं तरी त्याचं काय झालं ते समजत नाही. त्यासाठी जमिनीचा भाव, शेजारी उभी राहणारी इमारत, रुंद होणारा रस्ता हे सगळं एका नजरेत यावं लागतं. बाबा खिडकीत बसलेले असायचे. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघून अंदाज बांधायचे, आणि उत्तर खिडकीच्या बाहेर होतं. पटवर्धनांची सगळ्यांत मोठी चित्रं मी याच काळातली मानते.

नव्वदचं दशक त्यांना सोपं गेलं नसावं. ९२-९३च्या दंगलींनंतर रस्त्यावरच्या माणसाकडे पूर्वीच्या विश्वासाने पाहणं अवघड झालं. १९९६चं 'रायट' हे चित्र त्यातूनच आलेलं आहे. स्पष्ट सांगायचं तर हिंसेवरच्या त्यांच्या चित्रांत मला ते थोडे अवघडलेले वाटतात. ज्या हाताने शरीराचं वजन आणि श्रमाची ठेवण इतक्या आस्थेने रंगवली, त्याला तेच शरीर मारण्यासाठी उचललेलं दाखवायचं होतं. त्यातली घडी कुठेतरी नीट बसत नाही. तरी ती चित्रं त्यांनी टाळली नाहीत, हे मला महत्त्वाचं वाटतं. कामगारवस्तीवर प्रेम करणाऱ्या पुष्कळांनी त्या दिवसांत दुसरीकडे पाहणं पसंत केलं होतं.

मग २००१चं 'लोअर परळ'. या चित्राशी माझं वेगळं नातं आहे, कारण त्याच सुमारास आमचं ऑफिस फोर्टातून उठून तिथल्या एका गिरणीच्या आवारात आलं. काचेची इमारत, वातानुकूलित मजला, खाली पार्किंग. जिथे माझं टेबल होतं तिथे कधी साचे चालत असतील. परळच्या काकांचं खातं कुठलं होतं हे विचारायला आता कुणी उरलं नव्हतं. स्टेशनातून बाहेर पडून पुलावरून चालताना एका बाजूला चिमणी आणि दुसऱ्या बाजूला नवे मनोरे दिसायचे. मधल्या चाळींत अजून बायका वाळवणं घालत होत्या. पटवर्धनांनी हा सगळा पट्टा आडवा पसरून एका कॅनव्हासवर आणला. त्यात शोक नाही, टीकेचा सूरही चढा नाही. जुनं आणि नवं एकमेकांच्या अंगावर येऊन उभं आहे आणि माणसं त्यातून कामाला निघाली आहेत. मी रोज त्याच माणसांतली एक होते.

२००५मध्ये त्यांनी प्रॅक्टिस थांबवली आणि पूर्ण वेळ चित्रांना दिला. त्यानंतरच्या कामात मला दोन गोष्टी ठळक दिसतात. पहिली चित्राबाहेरची आहे. २००८-०९मध्ये त्यांनी 'विस्तारणारी क्षितिजं' हे समकालीन चित्रकलेचं फिरतं प्रदर्शन गुंफून महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या शहरांत नेलं. ज्या गावांत मूळ चित्र बघायची सोय नाही तिथे चित्रं न्यायची, हे काम कुठल्याही एका कॅनव्हासपेक्षा कमी मोलाचं नाही. दुसरी गोष्ट, ते घरात शिरले. २०११च्या सुमारास आलेली 'फॅमिली फिक्शन' ही चित्रं खोल्यांमधली आहेत. एकाच घरात असून वेगवेगळ्या विचारांत गढलेली माणसं, वय, आजार, दारातून दिसणारी दुसरी खोली. मी तेव्हा आईच्या आजारपणात होते. पुलावरून आणि टेकडीवरून शहर पाहून आलेला चित्रकार शेवटी आईच्या पलंगापाशी येऊन उभा राहिला, असं मला वाटलं. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाकडे पाहताना जी सबुरी लागते, तीच घरच्या माणसाकडे पाहायला लागते आणि ती घरात जास्त अवघड असते, हे मला त्या वर्षांत उमगलं.

पण ते घरात थांबले नाहीत. २०१४मध्ये महिंद्रा समूहासाठी 'मुंबई प्रोव्हर्ब्ज' हे सात भागांचं भलंमोठं चित्र त्यांनी केलं. त्यात मुंबईचा जुना आणि नवा काळ शेजारी शेजारी येतो. २०१९च्या अखेरीस मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं सिंहावलोकन भरलं, 'वॉकिंग थ्रू सोल सिटी' नावाचं, नॅन्सी अडजानिया यांनी मांडलेलं. काळा घोड्याच्या त्या इमारतीत अर्धगोल मजले चढत वर जावं लागतं. खालीवर पाहताना एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावरची चित्रं दिसतात, आणि पटवर्धनांच्या चित्रांना यापेक्षा योग्य जागा मिळाली नसती. शाळेतली मुलं आली होती. एक मुलगा चित्राच्या इतक्या जवळ गेला की रखवालदाराला त्याला मागे घ्यावं लागलं. तो मित्राला म्हणत होता, "अरे, हा आपला नाका आहे." त्याचा नाका कुठला ते मी विचारलं नाही. माझ्या मनात बाबांचं वाक्य आलं आणि मी पुढच्या चित्राकडे वळले.

पंचाहत्तरी गाठल्यावरही ते काम करत आहेत. 'सिटीज : बिल्ट, ब्रोकन' या अलीकडच्या प्रदर्शनातल्या चित्रांत शहर बांधलं जातं तसं मोडलंही जातं. दूरदेशीच्या युद्धांत ढासळलेली घरं आणि आपल्याकडची बांधकामं एकमेकांच्या शेजारी येतात. ज्याने पोखरणच्या डोंगरात घरं चढताना पाहिली, त्याला घर पडताना पाहणं काय वाटत असेल, हा विचार मला त्या चित्रांपाशी सोडत नाही.

'टाउन' आज दिल्लीला राष्ट्रीय संग्रहात आहे, काही काम भोपाळच्या भारत भवनात. काही चित्रं अमेरिकेत सेलम इथल्या पीबॉडी एसेक्स म्युझियममध्ये आहेत. ती तिथे आहेत याचा मला आनंद आहे. पण ज्या गावाची ती आहेत त्या गावात त्यांच्यासाठी कायमचं दालन व्हावं, असं मला मनापासून वाटतं. फार मोठं नको. स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर असावं, तिकीट नसावं, आणि संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं असावं, म्हणजे पाळी संपवून घरी निघालेल्यांनाही आत जाता येईल. भिंतीवर निदान 'पोखरण' असावं. आता पोखरण रोडवर राहणाऱ्या कितीतरी मुलांना त्यांच्या बाल्कनीतून डोंगर दिसत नाही. समोरच्या मनोऱ्यामागे तो आहे, हे त्यांना सांगावं लागतं.