तासगावात न झालेला गोळीबार

‘चले जाव’ चळवळीत तासगावच्या कचेरीवर ३ सप्टेंबर १९४२ रोजी मोर्चा गेला, तिरंगा लागला आणि लोक गोळी न खाता घरी परतले. वडूजला ९ तारखेला आणि इस्लामपूरला १० तारखेला मात्र पोलिसांनी गोळ्या झाडल्या. वडूजला परशुराम घार्गे गोळीनं मारले गेले. या आठवड्यावर लिहिणारा तासगावचा एक लेखक वर्षानुवर्षं एकाच जागी अडला आहे. तासगावच्या मोर्चात स्वतः चाललेले म्हातारे त्याला तासगावातला गोळीबार सांगत.

खोटं बोलण्याचं त्यांना काही कारण नव्हतं. इटलीत तेर्नी गावी लुइजी त्रास्तुल्ली हा पोलाद कामगार मार्च १९४९ मध्ये पोलिसांच्या गोळीनं मेला, पण कित्येक सोबती तो मृत्यू १९५३ च्या कामगारकपातीच्या दंग्यात घालत. मौखिक इतिहासाचे अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्लींनी ही चूक नुसती दुरुस्त केली नाही, तिचं कारण शोधलं. तासगावच्या लेखकाचा तर्क असा: शेजारी माणसं पडली आणि आपल्याकडं काहीच झालं नाही, हे त्या पिढीला सोसलं नसावं.

अशा म्हाताऱ्यांना तारीख विचारली की उत्तर भरकटतं. मोर्चा गावच्या गणपतीच्या रथोत्सवाआधी की नंतर, असं विचारलं की माणूस अडखळत नाही.

लिहिताना सगळ्यात अवघड जातात ते संवाद. ऐंशी वर्षांपूर्वीचं बोलणं अवतरणात छापणाऱ्या पुस्तकांवर या लेखकाचा राग आहे. ती जास्त वाचली जातात, म्हणून थोडा अधिकच. ‘तुम्ही तिथं होतात असं वाटतं’ असं कुणी म्हटलं की तोही दोन दिवस फुलून असतो. हे कौतुक आपल्याला फार हवं असतं, हे तो लपवत नाही. म्हणूनच संवाद रचताना तो हात आवरतो.

७ जून १९४३ ला शेणोलीजवळ इंग्रजांच्या पगाराची गाडी अडवणारे कुंडलचे कॅप्टन भाऊ लाड २०२२ मध्ये गेले. त्या पिढीच्या जागी आता नातू सांगतात, आणि नातवांचं सांगणं आजोबांपेक्षा घोटीव असतं. अडखळण्याच्या जागा त्यात उरलेल्या नसतात. लेखकाला त्याच जागा हव्या असतात. त्यामुळं नव्या हस्तलिखितात प्रत्येक आठवणीपुढं ती पाहिलेली की ऐकलेली, आणि ऐकलेली तर कुणाकडून, हे तो लिहितो. तासगावचा गोळीबारही त्यात आहे, सांगणाऱ्याच्या शब्दांत, आणि तो झाला नव्हता हे लगेच खालच्या ओळीत.