आवरणाची निगा

मोटारीच्या रंगावर पारदर्शक फिल्म चढवून घेणारा मनुष्य, आता रंगाची चिंता कायमची मिटली, अशा समजुतीने घरी जातो. आणि वर्षा-दीड वर्षाने त्याच फिल्मची फिर्याद घेऊन तो जेव्हा माझ्यापुढे रुजू होतो, तेव्हा बहुधा असेच आढळते की त्या फिल्मला रस्त्याने जितका उपद्रव दिला, त्याहून अधिक तो मालकाच्या उत्साही हाताने दिला आहे. वाशीम-पुसद मार्गावरील अनसिंगसारख्या गावी हा व्यवसाय करणाऱ्याला ही गोष्ट विशेष जाणवते, कारण येथील माती, पाणी, ऊन आणि सण ही चारही फिल्मची परीक्षा पाहणारी आहेत, आणि हमीपत्रात निगेची जी कलमे छापलेली असतात ती वऱ्हाडच्या काळ्या मातीला नजरेसमोर ठेवून लिहिलेली नसतात.

प्रथम या वस्तूचे स्वरूप ध्यानात घेणे इष्ट. पॉलियुरेथेन या पदार्थाचा शोध १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर या रसायनशास्त्रज्ञाने लावला. त्याची चिवट फिल्म व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी हेलिकॉप्टरांच्या पात्यांवर, वाळू व खडे यांपासून बचाव व्हावा म्हणून, चिकटवली जाऊ लागली; तेथून ती शर्यतीच्या मोटारींकडे गेली आणि कालांतराने आपल्या दारातील गाडीपर्यंत येऊन पोहोचली. आज चांगल्या प्रतीची फिल्म सुमारे १५० ते २०० मायक्रॉन जाडीची असते. कारखान्यातून येणाऱ्या गाडीवर प्रायमरपासून क्लिअर कोटपर्यंतचे सर्व थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात, म्हणजे हे आवरण ज्याचे रक्षण करते त्या रंगाहूनही ते जाड आहे. बॉनेटवर उडालेल्या गिट्टीचा आघात ते सोसू शकते ते या जाडीमुळे व लवचीकतेमुळे. सिरॅमिक कोटिंगचा थर याच्या तुलनेत नाममात्र असतो. त्याने चकाकी येते, पाणी ओघळून जाते, परंतु खडा अडत नाही. या दोहोंची गल्लत करून सिरॅमिकवाल्याकडे खड्याच्या खुणेबद्दल तक्रार करणारे पुष्कळ भेटतात.

फिल्मच्या तळाशी ॲक्रिलिक चिकटा, मध्ये पॉलियुरेथेनचा मुख्य पत्रा, आणि वर एक अत्यंत पातळ लेप असतो; निगेचा सारा प्रश्न वस्तुतः या वरच्या लेपाचा आहे. त्याचे वैशिष्ट्य असे, की बारीक ओरखडा पडला असता उष्णतेने त्याचा पृष्ठभाग पूर्ववत सपाट होतो. मे महिन्यात विदर्भातील पारा ४२-४३ अंशांवर गेला असता उन्हात उभ्या असलेल्या गडद रंगाच्या बॉनेटवर हात ठेववत नाही. तेवढ्या उष्णतेत किरकोळ रेघा आपोआप नाहीशा होतात, हिवाळ्यात कोमट पाण्यानेही तेच काम होते. असे असता रेघ दिसताच रबिंग कंपाउंड घेऊन ती घासू लागणारा मालक, जो लेप स्वतःला बरा करणार होता तोच खरवडून टाकतो. आणि एकदा तो गेला की पुढची प्रत्येक रेघ कायमची राहते.

आता मातीविषयी. आमच्या काळ्या मातीतील चिकणकण ओले झाले की फुगून चिकटतात व सुकले की पापुद्रा धरतात. त्यात रस्त्याच्या कामावरील आणि क्रशरवरील काळ्या दगडाची तीक्ष्ण पूड मिसळली की जे मिश्रण तयार होते, त्यावरून सकाळी कोरडे फडके फिरवणे म्हणजे पॉलिशपेपर फिरवण्यासारखेच होय. आणि कोरडे फडके मारल्यावाचून गाडी दाराबाहेर न काढणे हा तर आपल्याकडील नित्याचा रिवाज! वास्तविक करावयाचे असते ते इतकेच, की प्रथम साध्या पाण्याने माती पूर्ण भिजू द्यावी, तिला आपल्या वजनाने खाली उतरू द्यावे, मग सौम्य शाम्पूचे पाणी एका बादलीत व फडके खळबळण्याचे पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन मायक्रोफायबरच्या मऊ फडक्याने, न दाबता, वरून खाली यावे. वॉशिंग सेंटरचा फवारा हात-दोन हात अंतरावरून सरळ मारला तर चिंता नाही. परंतु तो फिल्मच्या कडेवर तिरपा बसला की कड उचलली जाते, तिच्याखाली धूळ शिरते, आणि मग चाकाच्या कमानीवर ती काळी रेघ उमटते, जी कोणत्याही उपायाने पुसली जात नाही.

बोअरच्या पाण्यातील क्षार हे दुसरे संकट. दुपारच्या उन्हात गाडी धुतली तर थेंब जागीच आटून पांढरी वर्तुळे राहतात. म्हणून धुण्याचे काम सकाळी किंवा दिवस कलल्यावर करावे आणि पाणी लगेच टिपून घ्यावे; डाग पडलाच तर पाण्यात मिसळलेला पांढरा व्हिनेगर लावून स्वच्छ धुवावे. पक्ष्याची विष्ठा आणि सोयाबीनच्या दिवसांत रात्री दिव्यांवर झेपावून बंपरवर चिरडलेले किडे यांत आम्लाचा अंश असतो. त्यांना मुदत देऊ नये, मात्र खरवडूही नये, ओले फडके काही मिनिटे वर ठेवले की ते सुटतात. डांबराचा ठिपका काढण्यासाठी पेट्रोलचा बोळा वापरण्याची जी सवय जुन्या ड्रायव्हर मंडळींना असते, ती येथे सर्वस्वी वर्ज्य समजावी.

सर्वांत नाजूक मामला खंडेनवमी-दसऱ्याचा. नवी गाडी आणली, बॉनेटवर ओल्या हळदी-कुंकवाचे स्वस्तिक काढले, झेंडूची माळ तारेने आवळली, आणि पूजेचे चिन्ह पुसणे अशुभ म्हणून ते आपोआप जाईपर्यंत तसेच ठेवले, असे दरवर्षी घडते. हळदीचा पिवळा रंग वरच्या लेपात मुरतो आणि धुण्याने हटत नाही; सुदैवाने तो सूर्यप्रकाशात विरणारा असल्याने घासाघाशी न करता गाडी काही दिवस उन्हात उभी केल्यास तो फिका होत जातो. बाजारी कुंकवातील कृत्रिम रंग मात्र इतका समजूतदार नसतो. श्रद्धेच्या आड येण्याचे मला काहीच कारण नाही. माझी विनंती एवढीच, की स्वस्तिक समोरच्या काचेच्या कोपऱ्यात काढावे, कारण काच कोणताही रंग शोषून घेत नाही, आणि माळ तारेऐवजी सुती दोऱ्यात ओवावी.

काही गिऱ्हाइकांना कायद्याची धास्ती असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली मोटारींच्या काचांवर काळी फिल्म लावण्यास मनाई केली, तेव्हापासून फिल्म म्हटले की दंडाची पावती आठवते. परंतु तो हुकूम काचांपुरता आहे, आणि पारदर्शक आवरणाने गाडीचा नोंदणीतील रंग बदलत नाही.

शेवटी उतरवण्याविषयी. अतिनील किरणांचा मारा सोसता सोसता फिल्म आणि तिचा चिकटा दोन्ही वृद्ध होतात. "आणखी दोन वर्षं जाते ना भाऊ," असे म्हणत मुदतीबाहेर ठेवलेली फिल्म मग अखंड निघत नाही, हीट गनची ऊब देऊन कितीही हलक्या हाताने ओढली तरी तिचे तुकडे पडतात. पत्र्यावर पूर्वी डेंटिंग-पेंटिंग झालेले असेल तर नवा रंगही सोबत येण्याचा धोका असतो. फिल्म राखणे हे या उद्योगाचे साध्य नव्हे, रंग राखणे हे साध्य होय. सबब हमीची मुदत भरत आली की गाडी एकदा दाखवून न्यावी, असे मी प्रत्येकास बजावतो. फिल्म वेळेवर उतरवण्याची मजुरी नव्याने रंग देण्याच्या मजुरीहून कितीतरी कमी पडते.