अर्जुनी/मोरगाव तालुक्यात दोन दिवस

गोंदिया-बल्लारशा गाडीने आम्ही तिघे कार्यकर्ते सकाळी अर्जुनीला उतरलो. पत्ता ‘अर्जुनी/मोरगाव’ असाच लिहावा. नुसते अर्जुनी लिहिले तर टपाल याच जिल्ह्यातल्या सडक-अर्जुनीला जायचे! १९९९ पर्यंत हा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब भंडाऱ्यातून हरले, ते शल्य घेऊनच आम्ही इकडे येतो.

तालुका म्हणजे धान, जंगल आणि तळी. नवेगावबांधचा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. कोहळ्यांनी तळी बांधली, ढिवर त्यांत मासे धरतात, जंगलाच्या कडेला गोंड-हलबांची गावे. प्रतापगडच्या पहाडावर महादेवाची यात्रा भरते, तिथेच दर्गाही आहे. आपली वस्ती निळ्या झेंड्यावरून दुरूनच ओळखू येते.

पहिल्या दिवशी गोठणगावाजवळची तिबेटी वसाहत पाहिली. नॉरग्येलिंग तिचे नाव, स्थापना १९७२ ची. विदर्भाच्या उन्हात ही थंड मुलखातली माणसे धान पिकवतात आणि हिवाळ्यात स्वेटर विकायला शहरोशहरी जातात. गोम्पात दलाई लामांची तसबीर, लोण्याचे दिवे, भिंतीवर रंगीत देवता. आमच्यातल्या एकाला ते रुचले नाही. आपला धम्म बावीस प्रतिज्ञांचा, असे तो पुटपुटला. पण आम्ही त्रिशरण-पंचशील म्हटले, तेव्हा वृद्ध लामा हात जोडून शेवटपर्यंत उभे राहिले. मग चहा आला. पुटपुटणाऱ्यानेच दुसरा कप मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी अरुणनगर. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या या वसाहतीत नमःशूद्र कुटुंबे पुष्कळ. एका अंगणात हरिचाँद ठाकुरांच्या तसबिरीशेजारी बाबासाहेबांची तसबीर होती. म्हातारे बाबा मोडक्या मराठीत म्हणाले, “दादा, तुमच्या बाबासाहेबांना घटना समितीत आम्ही पाठवले.” खरेच आहे. १९४६ साली मुंबई प्रांतातून दारे बंद होती, तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाबासाहेबांना बंगालमधून निवडून आणले. पुढे फाळणीत यांची गावे पाकिस्तानात गेली, आणि ही माणसे झाडीपट्टीत.

बाबांच्या नातवाने शाळा सोडल्याचा दाखला पुढे ठेवला. जात : नमःशूद्र. पश्चिम बंगालमध्ये ही अनुसूचित जात आहे. महाराष्ट्राच्या यादीत तिचे नाव नाही. दुसऱ्या राज्यातून आलेल्याला निदान मूळ राज्याचा कागद दाखवता येतो. यांचे मूळ गाव आज बांगलादेशात! कलम ३४१ प्रमाणे यादीत बदल करायचा तर संसदेनेच कायदा करावा लागतो. पोराचे गुण चांगले आहेत, पण सवलतीच्या रकान्यात त्याला काही लिहिता येत नाही. मतदारसंघ राखीव आहे, पण त्या जागेवर याला उभे राहता येणार नाही.

आम्हाला आमचे दिवस आठवले. दीक्षा घेतली म्हणून केंद्राच्या सवलती गेल्या, त्या १९९० च्या दुरुस्तीने परत मिळाल्या. तोवर आपल्या किती पोरांची वये उलटली! तेव्हा निवेदने टाइप करून करून आमची बोटे दुखत.

मुलाने दाखल्याची झेरॉक्स दिली. आजोबांचा निर्वासित म्हणून मिळालेला कागदही जोडायला सांगितला. तो ट्रंकेत तळाशी होता, घड्यांवर फाटलेला. आजीने भाताच्या खळीने तो चिकटवून दिला आणि वाळेपर्यंत आम्हाला जेवायला बसवले.